चकाजवळची दीड वीत

चैत्र लागला आणि मुरमाच्या खदानीवरचे गाडीकाम बंद झाले. तीन वर्षे धोंडबाची बैलजोडी कारखान्याच्या भरावासाठी मुरूम वाहत होती. ज्या वाटेवरून दोनशे गाड्या एकीमागे एक जात, त्या वाटेवर आता डंपर धावू लागले आणि त्यांनी उडवलेला तांबडा धुरळा भिलाईजवळच्या रिसालीतल्या घरांच्या कवेलूंवर, दोरीवरच्या कपड्यांवर आणि ताटातल्या भातावर बसू लागला. गाडी दारासमोर जू टेकवून उभी राहिली. बैलांपुढची तणस संपली. भंडाऱ्याकडचे शेत भावाच्या हवाली करून धोंडबा याच गाडीत बसून भिलाईला आला होता. परत जायचे तर भावाच्या दारात पाहुणा म्हणून जायचे, आणि ते त्याला मान्य नव्हते. सकाळी उठून तो बैलांच्या अंगावरून हात फिरवी, आणि एकेका फासळीशी त्याचा हात थांबे.

त्याचा मुलगा तेजराम ठेकेदाराकडे खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर होता. यंत्रशाळेतल्या लेथांखाली साचलेला लोखंडाचा कीस फावड्याने ओढायचा, ढकलगाडीत भरायचा आणि बाहेर नेऊन ओतायचा, एवढेच त्याचे काम. तिथल्या रशियन लेथांना हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने बंद लेथचे एक चाक नुसते बोटाने फिरवून पाहिले. लेथ चालवणाऱ्या टर्नरने ते पाहिले, त्याच्या हातातले फावडे काढून घेतले, चार माणसांसमोर ते पुन्हा त्याच्याच हातात दिले आणि म्हटले, "तेरी मशीन ये है." माणसे हसली. तेजरामही हसला; न हसता तिथे उभे राहणे त्याहून कठीण होते.

ठेकेदाराचे काम दिवाळीला संपणार होते. त्यापूर्वी टर्नरची एक परीक्षा होईल, तीत जो उतरेल त्याला कायमची नोकरी आणि कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, क्वार्टर मिळेल, अशी बोलवा होती. परीक्षेला कोणीही बसावे, खलाशानेसुद्धा. परंतु ज्याला लेथला हात लावू दिला जात नाही त्याने लेथचे काम शिकावे कुठे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. तेजरामने ते जवळच्या बोरसी गावात शोधले.

बोरसीला शालिकराम सावाची तेलगिरणी होती. तिचे इंजिन पार निकामी झाल्यामुळे साव पुन्हा बैलघाण्याकडे वळला होता, आणि गिरणीच्या दुरुस्तीसाठी कधीकाळी आणलेली एक जुनी लेथ त्याच्या परसात पेंडीच्या पोत्यांखाली गंजत पडली होती. त्याला बैल हवे होते.

"इंजन खतम," साव म्हणाला. "अब फेर घानी चलही. बइला दे, अउ खराद ले जा."

तेजरामने घरी येऊन ते सांगितले तेव्हा धोंडबा बैलांपुढे बाभळीचा पाला टाकत होता. हातातला पाला संपेपर्यंत तो टाकत राहिला.

"लोखंड कामाले येते का गा तेजराम?"

"येते बाबा. आन् त्याले तणस नाई लागत."

"हो, ते खरं," धोंडबा म्हणाला. "तणस तर नाई लागत."

लेथ त्याच गाडीतून, त्याच बैलांनी ओढून आणली. ती त्यांची शेवटची खेप. सात माणसांनी ती पडवीत उतरवली, आणि धोंडबा बैलांना पायी घेऊन बोरसीला गेला. परतताना त्याच्या हातात दोन कासरे होते आणि धोतराच्या सोग्यात दोन घंट्या. त्या त्याने कुठे ठेवल्या ते त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही.

लेथ कसली, गंजाचा ढीग होता. तेजराम पाळीवरून आला की अंगरखा काढून तिच्यापुढे बसे. नट रॉकेलमध्ये तीन-तीन दिवस भिजत घालावे, विटेच्या भुकटीने एकेक दांडा घासावा, अडलेल्या जागी लाकडाचा खुंटा ठेवून हलके ठोके द्यावेत, पुन्हा रॉकेल सोडावे. वैशाखात पडवीत तवा तापल्यासारखे होई. गंजाची पूड घामात भिजून त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत विटकरी लेप चढे आणि तो धुतला तरी नखांत राही. पाना निसटून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे फुटली. त्यांवर हळद दाबून तो पुन्हा बसला.

शेजारच्या गल्लीत केवलराम मिस्त्री राहत. नागपूरला रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षे लेथवर उभे राहून ते निवृत्त झाले होते आणि मुलाच्या नोकरीमुळे इथे आले होते. एके दिवशी ते आले, उकिडवे बसले, आणि हत्याराचा गाडा ज्या दोन लोखंडी धारांवरून सरकतो तो लांब पाया, ज्याला कारागीर बेड म्हणतात, त्यावर त्यांनी आपली पोलादी पट्टी उभी धरली.

"तेजराम, इकडून पाय. पट्टीच्या खालून उजेड दिसते का?"

"त्या टोकाले नाई दिसत. इथी दिसते. चकापाशी." चक म्हणजे ज्याच्या जबड्यात लोखंड धरून फिरवतात ते डोके.

"दीड वीत. तेवढं झिजलं. सारं काम चकापाशीच होते ना गा, तिकडच्या टोकाले कोण जाते? गाडा इथी आला की बुडते, आन् हत्यार मांगं सरते. माल इकडून जाडा निघन."

"मंग?"

"मंग घास. शेंदूर आन् तेल लाव पट्टीले, फिरव बेडावर. जिथी लाल लागन तिथी उंच. तेवढं घास. पुन्हा लाव, पुन्हा घास."

"खड्डा भरत नाई का?"

"लोखंडाचा खड्डा भरते कोणी?" मिस्त्री म्हणाले. "बाकी सारा बेड त्या खड्ड्याच्या बरोबरीले उतरवा लागते. तीन-चार महिने घे."

परंतु त्याआधी दुसरेच निघाले. फिरता दांडा ज्या दोन बुशांत बसतो ते बुश इतके झिजले होते की दांडा हाताने हलत होता. दुर्गच्या कासाराने ते तळहातावर तोलून पाहिले आणि सांगितले, की नुसत्या पितळेचे ओतले तर महिन्यात जातील. पितळेत कासे पाहिजे. घरात पाणी भरायचा पितळेचा एक गुंड होता आणि काशाची एक थाळी. दोन्ही तेजरामची बायको शकुबाई हिच्या माहेरची.

"गुंड न्या," शकुबाई नवऱ्याला म्हणाली. "थाळीले हात नोका लावू."

"थाळीबिगर बुश होत नाई म्हणते तो."

"त्याच्या बायकोची थाळी वितळव म्हणा."

तेजराम उठून लेथकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाहिले तर गुंडाच्या तोंडावर थाळी पालथी घातलेली होती. शकुबाईने ती राखेने घासून, धुऊन, पदराने कोरडी करून ठेवली होती. वितळवायची वस्तू कोणी घासत नाही.

"क्वार्टर भेटलं का पह्यले थाळी," ती चुलीकडे तोंड करूनच म्हणाली. "मंग बाकीचं."

तेव्हापासून ती रॉकेलच्या डब्यातून पाणी आणू लागली. विहिरीवर बायांनी विचारले, "कावून वो शकुबाई, गुंड कुठी गेला?" ती म्हणाली, "मशीनीत." त्या हसल्या, आणि डब्याची कडी तिच्या बोटांत रुतत राहिली.

बुश आले, बसले, दांडा डळमळायचा थांबला. आता लेथ फिरवावी कशाने, हा प्रश्न उरला. रिसालीत वीज नव्हती. त्याचे उत्तर धोंडबाने दिले, आणि तेजरामला ते सुचले नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल; त्याला ते बोलायचे नव्हते, इतकेच.

"गाडी उभीच हाये," धोंडबा म्हणाला. "चाक काढ तिचं."

गाडीचे चाक दोन खांबांच्या मध्ये आडव्या कण्यावर उभे बसवले, त्याला लोखंडी मूठ ठोकली, आणि चाकावरून लेथच्या कप्पीपर्यंत चामड्याचा पट्टा चढवला. पट्टा चढवताना धोंडबाने तो नाकाजवळ नेला आणि खाली सोडला. मग त्याने धोतर खोचले, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि चाक फिरवले. लेथचा दांडा गरगर फिरू लागला. शकुबाई हातातले पीठ तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. सासऱ्याची पाठ वाकत होती, उठत होती, वाकत होती. ती आत गेली.

"मामाजीले सांगा ना, दमानं घ्या म्हणून," ती नंतर नवऱ्याला म्हणाली.

"सांगतलं मी."

"मंग?"

"म्हणते, बैल असता तर तू असं सांगतलं असतं का."

ज्येष्ठ आणि आषाढ बेड घासण्यात गेले. शेंदूर आणि तेलाचा लेप लावलेली पट्टी बेडावरून फिरवावी, उंचवट्यांना लागलेले लाल ठिपके पाहावेत, मिस्त्रींनी दिलेल्या घासणीने तेवढेच ठिपके खरवडावेत. एका घासात केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढे लोखंड निघे, ते बोटाला चिकटे आणि डोळ्याला दिसत नसे. घासणीचा दांडा तो कुशीत दाबून धरी. तिथे त्याच्या बरगडीखाली काळानिळा वळ उठला. हवा दमट होती, आणि रात्री तेल लावायचे राहिले तर सकाळी बेडावर पिवळसर झाक दिसे. दोन महिन्यांनी चकाजवळचा खड्डा निम्मा झाला. पट्टीखालचा उजेड बारीक झाला. गेला मात्र नाही.

तेव्हा कारखान्याच्या फळ्यावर कागद लागला. परीक्षा भाद्रपदात. सात आठवडे राहिले होते.

"बेड पुरा कर," मिस्त्री म्हणाले.

"अजून दोन महिने लागन मिस्त्री. मंग हात कवा बसन?"

"हात मांगून बसते. आधी बेड."

"परीक्षा हाताची हाये, बेडाची थोडीच हाये? त्यायच्या लेथचा बेड तर सरळच हाये ना?"

"तेच तर म्हणून राहिलो मी तुले," मिस्त्री म्हणाले.

या युक्तिवादात दोष काढणे सोपे नव्हते. यंत्र परीक्षेला बसणार नव्हते, माणूस बसणार होता; सात आठवडे यंत्रावर घालवावेत की माणसावर, याचा निवाडा कोणताही समंजस मनुष्य तेजरामसारखाच करील. आणि मिस्त्रींची अडचण अशी, की जे त्यांना तीस वर्षांच्या सवयीने ठाऊक होते ते वाक्यात मांडण्याची सवय त्यांना नव्हती. ते उठून गेले. तेजरामने घासणी चिंधीत गुंडाळून आढ्याला खोचली आणि चकात लोखंड धरले.

रोज संध्याकाळी उजेड असेपर्यंत दोघे बापलेक काम करीत. वीतभर लांबीचा दांडा, परीक्षेत असतो तेवढाच. डाव्या हाताने गाड्याचे चाक, उजव्या हाताने हत्यार आतबाहेर करणारे आडवे चाक. पलीकडे धोंडबा. गाडा चकाच्या जवळ आला की धोंडबा चाकाची गती कमी करी, कारण तिथे घाई झाली तर हत्यार चकावर आदळते. आणि गती कमी करताना त्याच्या तोंडून आपोआप एक "हं" निघे, नांगराच्या तासाच्या टोकाशी बैल वळवताना निघे तसाच. पहिल्या आठवड्यातले दांडे चकाकडच्या टोकाला जाड येत. तिसऱ्या आठवड्यात ते सारखे येऊ लागले. पाचव्यात एकही चुकेना.

गणेशचतुर्थीनंतरच्या रविवारी तेजराम स्वतः मिस्त्रींकडे गेला आणि त्यांना त्यांचे मायक्रोमीटर घेऊन यायला लावले. मिस्त्रींनी दांडा तीन ठिकाणी मोजला. तिन्ही ठिकाणी एकच माप. त्यांनी दांड्याकडे पाहिले, मग बेडाकडे.

"पुन्हा कर. माह्यासमोर."

धोंडबाने मूठ धरली. गाडा सरकू लागला, लोखंडाचा कीस वळत खाली पडू लागला. चक चार बोटांवर आले. धोंडबा म्हणाला, "हं."

"थांब!" मिस्त्री ओरडले. "आता काय केलं तू?"

"कुठी काय?"

"उजव्या हातानं."

"ते होय? केसभर आत घेतलं. नाईतर तिकडून जाडं राहते." तेजरामच्या चेहऱ्यावर समाधान होते. "विचार नाई करावा लागत आता. आपोआप येते."

"आपोआप येते, तेच वाईट हाये गा."

"वाईट कावून? माल बरोबर आला का नाई?"

"माल बरोबर आला. तू बिघडला."

तेजरामने चिंधीने हात पुसले. पुसायला वेळ घेतला. "तुमाले तीस वर्स लागले मिस्त्री," तो म्हणाला, "मले पाच आठवड्यात आलं. ते पाहावत नाई तुमाले."

धोंडबा मूठ सोडून म्हणाला, "तेजराम!" पण मिस्त्रींनी मायक्रोमीटर डबीत ठेवले होते. डबीचे झाकण बसवून, चपला घालून ते निघून गेले, आणि परीक्षेपर्यंत त्या पडवीत आले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी शकुबाईने त्याला दहीभात घातला. धोंडबा फाटकापर्यंत बरोबर गेला. "सावकाश कर," तो म्हणाला. "चकापाशी दमानं." आणि तो तिथेच, सायकलींच्या रांगेजवळ, सावली पाहून बसला.

नऊ जण होते. परीक्षक नरहरी पांढरीपांडे नागपूरचे. स्वच्छ पांढरा सदरा, खिशात दोन पेन्सिली, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी प्रत्येकाला नकाशा दिला, लोखंड दिले, वेळ सांगितली. वीतभर दांडा, टोकाला छिद्र, पायरी आणि आटे; बाकी अंगभर एकच जाडी, चूक मिलिमीटरच्या तीन शतांशांपेक्षा अधिक नको.

तेजराम लेथसमोर उभा राहिला. ती बंद असतानाही जिवंत वाटत होती. खटका दाबला आणि ती पाठीमागे कोणीही वाकल्याउठल्याशिवाय फिरू लागली, तेव्हा क्षणभर त्याने वळून मागे पाहिले. मग त्याने हत्यार लावले. दुसऱ्या टोकाचे छिद्र, पायरी, आटे, सारे एकामागून एक त्याच्या हातून असे उतरत गेले की शेजारच्या लेथवरचा एक आयटीआयवाला मुलगा आपले काम थांबवून पाहू लागला. पांढरीपांडे दोनदा येऊन मागे उभे राहिले आणि पुढे गेले.

शेवटचा हात राहिला. या लेथचा गाडा आपोआप सरकत होता, आणि उजवा हात आडव्या चाकावर ठेवण्याचे काही कारणच नव्हते. तो तिथे होता. गाडा चकाकडे निघाला. कीस सरळ, चांदीसारखा, न तुटता निघत होता. तेजराम त्याच्याकडे पाहत होता. इतके सुंदर काम त्याने आजवर पाहिले नव्हते. चक चार बोटांवर आले.

यंत्र बंद करून त्याने मायक्रोमीटर घेतले. पलीकडच्या टोकाला बरोबर. मध्ये बरोबर. चकाजवळ त्याने मोजले, पुसून पुन्हा मोजले, मायक्रोमीटर पुसून पुन्हा मोजले. आठ शतांश कमी. जाड राहिले असते तर घासता आले असते. निघालेले लोखंड मात्र परत बसत नाही.

"बारा मिनिटं आहेत अजून तुझ्याजवळ," पांढरीपांडे म्हणाले.

"झालं साहेब."

त्यांनी मोजले. तेजरामने मोजले होते तिथेच, तितक्याच वेळा. "बाकी सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "आटे उत्तम आहेत. फक्त या टोकाला तू आत घेतलंस. का?"

"घेतलं नाई साहेब. हात गेला."

"कुठे शिकलास?"

"घरी."

"घरी? कोणाच्या लेथवर?"

"आमचीच हाये साहेब. बैलं देऊन घेतली."

कोणीतरी फसकन हसले. मग दोघेतिघे. पांढरीपांडे हसले नाहीत. त्यांनी दांडा खाली ठेवला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"बेड झिजलेला असेल तिचा. चकाजवळ."

"हो साहेब."

"मग तो आधी सरळ करायला हवा होता," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हते. "हात चांगला आहे तुझा. पण तो या यंत्राचा नाही. पुढची परीक्षा वर्षानं आहे, पुन्हा बस."

"वर्षानं मी इथी नसन साहेब. दिवाळीपर्यंत ठेकेदाराचं काम हाये."

पांढरीपांड्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "ते माझ्या हातात नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या लेथकडे गेले.

फाटकाशी धोंडबा उठून उभा राहिला. त्याने मुलाचा चेहरा पाहिला. दोघे रिसालीपर्यंत चालत आले.

शकुबाईने ताट वाढले. तेजरामने दोन घास खाल्ले.

"कुठी चुकलं?" तिने विचारले.

"चकापाशी."

धोंडबा भिंतीला टेकून बसला होता. "मी तं तिथी नव्हतो," तो हळू म्हणाला. "हं म्हणायले कोणीच नव्हतं."

"तुमी नव्हते बाबा. तरी हात फिरला."

मग शकुबाई उठली आणि रिकामा डबा घेऊन पाण्याला गेली. पाणी घरात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडबा कोणाला न सांगता बोरसीला गेला. दुपारी चारला परतला, तेव्हा त्याच्या खांद्यावर ते दोन कासरे होते आणि सोग्यात घंट्या. तेजराम पडवीत बसून होता.

"कुठी गेले होते?"

"सावाकडं. म्हटलं, खराद घे, बैलं दे."

"नाई म्हणाला?"

"हो म्हणाला." धोंडबाने कासरे खुंटीला टांगले. "बोरसीत बिजली आली, त्यानं मोटार लावली आता. बैलं उभीच हाये परसात. घेऊन जा म्हणाला."

"मंग आणले कावून नाई?"

धोंडबा खाली बसला. पायांची धूळ त्याने हाताने झाडली, एक पाय, मग दुसरा.

"डोयावर झापडं नव्हती," तो म्हणाला. "खुट्याले बांधले नव्हते. समोर पेंड टाकलेली. तरी दोघं गोल फिरून राहिले होते, मधात घाणा नाई न काई नाई. मी त्यातल्या खांड्याले हाक मारली. ओळखलं त्यानं मले. कान टवकारले, दोन पावलं आला माह्याकडे." त्याने हाताने दाखवले. "आन् वळला. डावीकडं."

तेजरामने खुंटीवरच्या कासऱ्यांकडे पाहिले.

"गाडीले नाई चालणार ते आता," धोंडबा म्हणाला. "घंट्या तरी कशाले बांधू, म्हणून परत घेऊन आलो."

दिवाळीला पाच आठवडे होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच तेजरामने पट्टा उतरवला, गाडा काढून बाजूला ठेवला आणि आढ्यातली चिंधी सोडून घासणी बाहेर काढली. वाटीत शेंदूर आणि तेल कालवले. शकुबाई डबा कमरेवर घेऊन दारात थांबली.

"आता कोणासाठी?" तिने विचारले.

त्याने पट्टीला लेप लावला, ती बेडावर टेकवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही हात सारखे दाबून, सावकाश फिरवली. मग उचलली. बेडाच्या लांबीभर लाल ठिपके उठले होते. चकाजवळची दीड वीत तेवढी कोरडी होती.